जेटीवरचे कुरव

रजा टाकून अभयारण्य गाठल्याशिवाय नोकरदाराला पक्ष्यांचे फोटो मिळत नाहीत, हा मुद्दा निदान आमच्या किनाऱ्याला लागू होत नाही. रत्नागिरीत थंडीच्या दिवसांत ऑफिसला जायच्या आधी मिरकरवाडा बंदरावर अर्धा तास काढा. मासळी उतरत असते, आणि पाण्यात पडलेल्या माशांवर घारी, ब्राह्मणी घारी नि कुरव (सीगल) यांची झुंबड उडते. माणसांना सरावलेले असल्यामुळे ते इतक्या जवळून जातात की साध्या झूम लेन्सवरही डोळा स्पष्ट येतो.

आणि डोळाच तर बघायचा! हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानाशी फक्त एक काळसर ठिपका. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट असतं, दुसऱ्याचं गडद. पंख पसरले की पहिल्याच्या काळ्या टोकांवर पांढरे डाग दिसतात. उन्हाळा जवळ आला की डोकं गडद होऊ लागतं आणि मग तपकिरी डोक्याचे कुरव विणीसाठी लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे निघतात. डिसेंबरपासून एकाच जेटीवर फोटो काढत राहिलात तर पिसांचा हा बदल टप्प्याटप्प्याने हाती लागतो. दोन दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला तो कसा मिळणार? एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं उणे ठेवा, गडद पाण्यासमोर पांढऱ्या पिसांचा तपशील लगेच उडतो. आणि टोपल्या वाहणाऱ्यांची वाट तेवढी अडवू नका, त्यांची ती कामाची वेळ असते.