शब्दचर्चा: ‘सुपोषण’ झालं तर तळं मरतं कसं?

मुलीचा पर्यावरणाचा अभ्यास घेत होते. मैलापाणी, साबणाचं पाणी आणि शेतातलं खत तळ्यात उतरलं की शेवाळ वाढतं, मासे मरतात. या प्रकाराला शब्द दिलाय ‘सुपोषण’. तिने विचारलं, “आई, अंगणवाडीच्या भिंतीवर सुपोषण म्हणजे चांगलंचुंगलं खाणं. मग इथे मासे का मरतात?” मला उत्तर देता आलं नाही. शब्द चुकलाय का? दुसरा कुठला वापरतात?

*

ताई, मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. शब्द चुकलेला नाही, मुळाला अगदी धरून आहे. इंग्रजीत याला युट्रोफिकेशन म्हणतात, तो ग्रीकवरून आलेला शब्द. ‘यू’ म्हणजे सु, ‘ट्रोफी’ म्हणजे पोषण. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनचे आयनार नाउमान वगैरे अभ्यासक तळ्यांचे प्रकार पाडत होते. नत्र-स्फुरद (म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस) कमी असलेलं, नितळ पाण्याचं तळं ते अल्पपोषी. भरपूर असलेलं ते सुपोषी. त्यात चांगलं-वाईट काही नव्हतं. गाळ साठत साठत एखादं तळं आपसूकही सुपोषी होतं, पण त्याला शतकं, कधी हजारो वर्षं लागतात. सांडपाणी तेच काम काही वर्षांत उरकतं.

आणि मासे पोषणाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेही श्वासासाठी ऑक्सिजनच ओढतं. ते मेलं की कुजवणारे जीवाणू उरलासुरला संपवतात. मुळात पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती? २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणून अशा तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात.

*

आमच्याकडे यासाठी साधा शब्द आहे, माजणे. युरिया जास्त पडला की पीक माजतं. नुसता पाला, दाणा भरत नाही, आणि वाऱ्याने आडवं होतं. तळ्याचंही तेच. तुम्ही पुण्याकडे जलपर्णी म्हणता, आम्ही कोल्हापूरकर केंदाळ म्हणतो. पंचगंगेत केंदाळ वाढलं की म्हातारी माणसं पाण्याकडे बघून सांगतात, “घाण मिळतीया, म्हणून माजलंय.” वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण निदान अचूक.

*

‘माजणे’ मला फार आवडला. त्यात अतिरेक आहे आणि नुकसानही, जे ‘सुपोषण’मध्ये ऐकू येत नाही. लिहिताना मी ‘अतिपोषण’ वापरतो.

पण एक शंका सगळ्यांपुढे ठेवतो. याला ‘प्रदूषण’ म्हणायला काहीजण कचरतात, कारण खत हे काही विष नव्हे. मला हे पटत नाही. प्रदूषणात ‘दुष्’ धातू आहे, बिघडणे. बिघाड झाला की दूषण झालं, टाकलेली वस्तू विषारीच असायला हवी असं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९७३ साली एक तळं मधोमध पडदा लावून दोन भाग केलं होतं. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटविरुद्ध हा मोठा पुरावा ठरला. स्फुरद आपल्या हाडांतही असतो, त्याला विष कोण म्हणेल? तरी तळं बिघडलंच. तेव्हा वस्तूकडे बघू नये, ती कुठे आणि किती गेली ते बघावं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. परीक्षेत ‘सुपोषण’च लिहायचं ठरलं, पुस्तकात तोच शब्द आहे म्हणून. वहीत तिने शेजारी ‘अतिपोषण’ लिहून ठेवलंय. काल संध्याकाळी आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावरून येत होतो. काठापासून मध्यापर्यंत हिरवी साय धरली होती. ती थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आई, तळं माजलंय.”