चर्चा: अलायन्सचा शिक्का असला तरी पैशाचं सोंग आणता येत नाही

हिशेबनीस

मे १९९७ मध्ये ज्या पाच विमान कंपन्यांनी स्टार अलायन्स (एकमेकींची तिकिटं आणि पॉइंट चालवणारी युती) उभी केली, त्यांतली एक स्कँडिनेव्हियातली एसएएस. जुलै २०२२ मध्ये तिने अमेरिकेत चॅप्टर ११ खाली, म्हणजे दिवाळखोरीत संरक्षण घेऊन पुनर्रचना करण्याच्या कायद्याखाली, अर्ज केला. त्यातून ती बाहेर पडली तेव्हा एअर फ्रान्स-केएलएमकडे तिचा १९.९ टक्के हिस्सा होता, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती स्कायटीम या प्रतिस्पर्धी अलायन्समध्ये गेली. सत्तावीस वर्षं एका पंगतीला बसलेली कंपनी, पण अडचणीच्या वेळी पैसा आला तो समोरच्या गोटातून.

माझं म्हणणं एवढंच की अलायन्समुळे दुबळ्या सदस्याच्या ताळेबंदात काही फरक पडत नाही. उलट खर्च वाढतो. जोडतिकिटाची, म्हणजे दोन कंपन्यांचे टप्पे असलेल्या एका तिकिटाची, वाटणी कशी होते ते पाहा. समजा, तिकीट ९०० डॉलरचं आहे. ९,००० किमीचा लांब टप्पा मोठ्या कंपनीचा, ९०० किमीचा शेवटचा टप्पा छोटीचा. निव्वळ अंतरावर वाटलं तर छोटीला जेमतेम ८२ डॉलर मिळतात. पण उड्डाण, उतरणं, विमानतळ शुल्क, सामानाची चढउतार हा खर्च किलोमीटरवर ठरत नाही. शिवाय लांबच्या विमानाची वेळ गाठायची म्हणून छोटीचं विमान हबवर, म्हणजे विमानं बदलण्याच्या मुख्य विमानतळावर, ताटकळतं. तोच वेळ स्वस्त दरातली प्रतिस्पर्धी कंपनी आणखी एका फेरीसाठी वापरते.

धावपट्टी

असहमत, आणि तुमचा ८२ डॉलरचा आकडाच आधी घेतो. निव्वळ अंतरावर वाटणी कोणी करत नाही. आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) प्रोरेट, म्हणजे भाडं वाटण्याच्या, पद्धतीत छोट्या टप्प्याला अंतराच्या प्रमाणापेक्षा जास्त वजन मिळतं आणि त्यावर दोन कंपन्यांचा स्वतंत्र करार असतो. त्या करारात टप्प्याची रक्कम सरळ ठरवूनही घेता येते.

दुसरं, ती खुर्ची रिकामी जाणार असेल तर ८२ डॉलरसुद्धा जवळजवळ निव्वळ मिळकतच. इंधन, वैमानिक, पार्किंग यांचा खर्च आधीच झालेला असतो. प्रश्न तेव्हाच येतो, जेव्हा त्याच खुर्चीवर स्थानिक प्रवासी १४० द्यायला तयार असतो. तिथे खुर्च्यांचं वाटप नीट सांभाळता आलं नाही तर दोष त्या कंपनीच्या रेव्हेन्यू (भाडं आणि खुर्च्या ठरवणाऱ्या) विभागाचा, अलायन्सचा नाही.

आणि जपान एअरलाइन्स? जानेवारी २०१० मध्ये दिवाळं, सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा शेअर बाजारात. वनवर्ल्ड ही आपली अलायन्स न सोडता.

हिशेबनीस

प्रोरेटबद्दल मान्य, मी उदाहरण फारच सोपं केलं. पण करारात रक्कम ठरवायला अंगात जोर लागतो, आणि ज्याला पुढच्या महिन्याचे पगार द्यायचे आहेत त्याच्याकडे तो नसतो.

जपान एअरलाइन्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिला तारलं ते न्यायालयीन पुनर्रचनेने, सरकारी पाठबळाच्या निधीने, कर्जमाफीने, हजारो नोकऱ्यांच्या आणि पेन्शनच्या कपातीने आणि जम्बो विमानं काढून टाकण्याने. अलायन्सच्या बाजूने वनवर्ल्डची अमेरिकन एअरलाइन्स आणि स्कायटीमची डेल्टा दोघी पैशाची थैली घेऊन दारात उभ्या होत्या, कारण त्यांना पॅसिफिकवरचा वाटा हवा होता. शेवटी ती अमेरिकनसोबत राहिली, कारण त्या जोडीला स्पर्धा कायद्यातून सूट मिळणं जास्त सोपं होतं. ही सूट मिळाली की दोन कंपन्या मिळून भाडं आणि वेळापत्रक ठरवतात, उत्पन्न वाटून घेतात. खरी कमाई त्या संयुक्त व्यवहारात असते. शेपटावरच्या लोगोत नाही.

वातकुक्कुट

दोघंही मुख्य विषयाला बगल देताय: भागभांडवल. अमेरिकेत परदेशी मालकाला मतदानाचे २५ टक्क्यांहून जास्त हक्क घेता येत नाहीत, आणि युरोपीय संघात बाहेरच्याला बहुमत चालत नाही. लग्नाला कायद्याची बंदी, म्हणून हा सगळा साखरपुड्याचा प्रकार. तरी काहींना राहवत नाही, ते अर्धामुर्धा हिस्सा विकत घेतात.

स्विसएअरने बेल्जियमच्या सबेनाचे ४९.५ टक्के घेतले, शिवाय आणखी अर्धा डझन आजारी कंपन्यांत पैसे घातले. २ ऑक्टोबर २००१ ला स्विसएअरची विमानं जमिनीवर, आणि नोव्हेंबरात सबेनाचं दिवाळं. एअर न्यूझीलंडने स्टारमधल्याच ऑस्ट्रेलियन अँसेटची उरलेली निम्मी मालकी २००० मध्ये घेतली. सप्टेंबर २००१ मध्ये अँसेट कोसळली आणि न्यूझीलंड सरकारला ८८.५ कोटी न्यूझीलंड डॉलर ओतून एअर न्यूझीलंड वाचवावी लागली. अबू धाबीच्या एतिहादचंही तेच: एअर बर्लिन, अलितालिया, जेट एअरवेज, तिन्हींत हिस्सा आणि तिन्ही बंद.

म्हणजे नुसत्या अलायन्सने कोणी मरत नाही. बुडत्याच्या गळ्यात गळा घालून पोहायला गेलं की दोघं जातात.

धावपट्टी

हे पटलं. पण मग अलायन्सवर राग कशाला? सदस्याच्या कर्जाला हमी राहण्याचा त्यात करारच नसतो. आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही: नेहमीच्या प्रवाशांना मिळणारे पॉइंट. २०२० मध्ये युनायटेडने मायलेजप्लस ही आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर ९०० कोटी. या योजनांना भाव असतो, कारण ते पॉइंट भागीदार कंपन्यांच्या विमानांतही चालतात.

हिशेबनीस

युनायटेड आणि डेल्टा दुबळ्या सदस्यांत कधीपासून मोडू लागल्या? त्यांच्या पॉइंटामागे बँकांच्या कार्डांचा पैसा आहे. एअर बर्लिनची टॉपबोनस योजना कंपनीपाठोपाठ त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१७ मध्ये, दिवाळखोरीत गेली. वनवर्ल्डमधल्या कोणी ते पॉइंट भरून दिले नाहीत.

तिकीटखिडकी

प्रवाशाच्या कामाचं सांगतो, कारण इथे गल्लत फार होते. तिकिटाचा क्रमांक १३ आकडी असतो, त्यातले पहिले तीन आकडे कोणाच्या नावावर तिकीट निघालं ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. फ्लाइट नंबरवर जाऊ नका, कोडशेअरमध्ये, म्हणजे एकीच्या विमानावर दुसरी आपला नंबर लावते तेव्हा, तो भलत्याचाच असतो.

तिकीट धडधाकट कंपनीचं असेल आणि मधला एक टप्पा बुडालेल्या कंपनीचा, तर दुसरी सोय करणं किंवा पैसे परत देणं तिकीट काढणाऱ्या कंपनीकडे येतं. उलट असेल तर पंचाईत. तुमचे पैसे बुडालेल्या कंपनीने घेतलेले असतात, बाकीच्यांना त्यांचा वाटा नंतर क्लिअरिंग हाउसमधून (कंपन्यांचे आपसातले हिशेब मिटवणाऱ्या आयाटाच्या व्यवस्थेतून) मिळायचा असतो. तो मिळणार नाही असं दिसलं की त्या तिकिटावर बसवून घेणं थांबतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दोन्ही कंपन्या एकाच अलायन्सच्या असल्या तरी पहिल्या उशिराची जबाबदारी दुसरी घेत नाही.

आयाटाने क्लिअरिंग हाउसमधून एखादीला निलंबित केल्याची बातमी आली की ओळखा. फेब्रुवारी २०१२ मध्ये किंगफिशरचं तेच झालं, आणि वनवर्ल्डने त्याच महिन्यात ठरलेला तिचा प्रवेश लांबणीवर टाकला. त्याच सुमारास स्टारमधली स्पॅनएअर (२७ जानेवारी) आणि वनवर्ल्डमधली हंगेरीची मालेव्ह (३ फेब्रुवारी) आठवड्याभरात बंद पडल्या. पैसे कार्डाने भरलेले असतील तर बँकेकडे लगेच चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे परत) मागा, मुदत असते.

धावपट्टी

किंगफिशरचं उदाहरण मला उपयोगी आहे. अलायन्स आत घ्यायच्या आधी हिशेब तपासते, म्हणजे निदान गाळणी तरी आहे.

वातकुक्कुट

गाळणी दारावर आहे, आत नाही. मालेव्ह २००७ पासून आतच होती. आणि दक्षिण अमेरिकेतल्या लॅटॅमने २०२० च्या मे महिन्याच्या सुरुवातीला वनवर्ल्ड सोडली, महिना संपायच्या आत चॅप्टर ११ चा अर्ज केला, आणि त्यातून बाहेर येऊन आज कुठल्याच अलायन्समध्ये नाही. डेल्टाबरोबरच्या संयुक्त व्यवहारावर तिचं बरं चाललंय. ती दुबळी नव्हती म्हणाल, तर मग अलायन्स नक्की कोणासाठी, ते धावपट्टीने सांगावं.