इग्द्रासिलवरची नऊ जगे: जुन्या कवितांत आहेत की नकाशा काढणाऱ्यांच्या डोक्यात?

शंकासूर (धागाकर्ता)

नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथांविषयी काहीही वाचायला घेतले, की सुरुवातीलाच एक चित्र समोर येते. मधोमध इग्द्रासिल नावाचा अतिविशाल अ‍ॅश वृक्ष, शेंड्याजवळ देवांचे आस्गार्ड, बुंध्याशी माणसांचे मिडगार्ड, मुळांशी मृतांचे हेल आणि उरलेली सहा जगे फांद्यांना हंड्या-झुंबरांसारखी टांगलेली. हे चित्र नॉर्स लोकांचे नसून पुढच्या काळातील वाचकांनी आणि चित्रकारांनी इकडचे तिकडचे तुकडे जोडून तयार केले आहे, असे माझे मत आहे.

'नऊ जगे' हा शब्दप्रयोग जुन्या साहित्यात आहे, हे मला मान्य आहे. पण तो कुठे आणि कसा येतो ते पाहावे. 'वोलुस्पा' या कवितेच्या दुसऱ्या कडव्यात एक भविष्यवेत्ती म्हणते की मला नऊ जगे आठवतात, आणि लगेच पुढे म्हणते की तो थोर वृक्ष तेव्हा मातीखाली होता. म्हणजे झाड अजून उगवलेलेच नाही! जे झाड बीजरूपात आहे, त्याच्या फांद्यांवर ही नऊ जगे कशी टांगावीत? दुसरा उल्लेख 'वाफथ्रूदनिस्माल' या कवितेत आहे. तिथे वेष पालटून आलेल्या ओडिन या प्रमुख देवाला वाफथ्रूदनिर हा राक्षस सांगतो, की आपण नऊ जगांत गेलो, खाली निफ्लहेल या मृत्युलोकापर्यंत, जिथे माणसे हेलमधून मरून जातात. हा सगळा रोख खालच्या दिशेला आहे. तिसरा उल्लेख आइसलंडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसोन याच्या गद्य 'एड्डा'तला. कारस्थानी लोकीची मुलगी हेल (मृतांच्या जगाचे आणि तिचे नाव एकच) हिला ओडिन निफ्लहाइम या धुक्याच्या जगात टाकतो आणि नऊ जगांवर अधिकार देतो, जेणेकरून रोगाने वा वार्धक्याने मेलेल्यांना तिने आश्रय द्यावा. या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी नऊ नावांची यादी नाही.

यादी आपण करतो, आणि ती करताना ओढाताण होते. स्वार्टाल्फाहाइम (काळ्या एल्फांचे जग) आणि निफ्लहाइम ही नावे केवळ स्नोरीकडे मिळतात. हेल निफ्लहाइममध्येच आहे असे स्नोरी सांगत असेल, तर ती दोन जगे कशी मोजायची? योटुनहाइम हा शब्द तर मूळ भाषेत बहुधा अनेकवचनी येतो. राक्षसांची 'घरे', एक जग नव्हे. मराठीत आपण 'सतराशे साठ भानगडी' म्हणतो तेव्हा कोणी त्या मोजायला बसत नाही. नॉर्स कवितेत नऊ हा आकडा बराचसा तसाच वापरला जातो: हाइमडाल देवाच्या नऊ माता, ओडिनने वाऱ्याने हेलावणाऱ्या झाडावर लटकून काढलेल्या नऊ रात्री, प्रेयसी गेर्डच्या भेटीसाठी फ्रेयर देवाला कंठाव्या लागलेल्या नऊ रात्री.

पोथीनिष्ठ

शंकासूर, तुमचे वाचन काळजीपूर्वक आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. 'सतराशे साठ'ची उपमा मला मुळीच पटली नाही. त्या म्हणीत मोजदाद नसते, कारण बोलणारा वैतागलेला असतो. 'वोलुस्पा'तली भविष्यवेत्ती मात्र ओडिनसमोर सृष्टीच्या आरंभाची साक्ष देत आहे, आणि साक्षीदार आकडा उगाच सांगत नाही. शिवाय ज्या ओळीवर तुमचा डोलारा उभा आहे, तिचा उत्तरार्ध तुम्ही गाळला. 'नऊ जगे' या शब्दांनंतर लगेच आणखी एक 'नऊ' आहे, आणि तिथे हस्तलिखितांत पाठभेद आहे. एका पाठाने त्याचा अर्थ नऊ राक्षसिणी होतो, तर दुसऱ्या पाठावरून काही अभ्यासक नऊ मुळे किंवा झाडाचे नऊ अंतर्भाग असा अर्थ लावतात. हा दुसरा अर्थ घेतला, तर नऊ जगे आणि वृक्ष एकाच श्वासात जोडलेले आहेत, आणि झाड अजून मातीखाली आहे याचा अर्थ जगेही त्याच्यासोबत अंकुरणार आहेत असा होऊ शकतो.

स्नोरीला बाजूला सारण्याची आजकाल पद्धत पडली आहे. त्याने सुमारे 1220 मध्ये लिहिले आणि आइसलंडने ख्रिस्ती धर्म 1000 च्या सुमारास स्वीकारला होता, हे खरेच. पण ज्या जुन्या कविता आपण 'मूळ' म्हणून मिरवतो, त्यांचे मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, 1270 च्या आसपासचे आहे, म्हणजे स्नोरीच्या मृत्यूनंतरचे. ते 1643 मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती येईपर्यंत कुठे होते हे कोणालाही माहीत नाही, आणि त्यातली काही पाने मधूनच गायब आहेत. आज हरवलेल्या कविता स्नोरीने ऐकल्या होत्या. त्यातल्या ओळी तो उद्धृतही करतो. अशा माणसाची साक्ष बाद करून आपल्या हाती उरणार काय?

सह्यवेडा

मला तर इग्द्रासिल पाहिला की गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवतो. दोन्हीकडे विश्व म्हणजे वृक्ष, आपल्याकडे चौदा भुवने, त्यांच्याकडे नऊ. मूळ एकच असावे.

शंकासूर

सह्यवेडा, अश्वत्थाची मुळे वर आणि फांद्या खाली आहेत, शिवाय तो वैराग्याच्या शस्त्राने छेदायचा आहे. इग्द्रासिलला नॉर्न, म्हणजे नियती ठरवणाऱ्या स्त्रिया, रोज पाणी आणि माती घालून जगवतात. जे एकीकडे तोडायचे ते दुसरीकडे जपायचे, तर मग एकच मूळ कसे?

पोथीनिष्ठ, पाठभेदाचा मुद्दा मी गाळायला नको होता, हे मान्य. पण स्नोरीविषयी एक उदाहरण देतो. वृक्षाला तीन मुळे आहेत, यावर सर्वांचे एकमत आहे. 'ग्रिम्निस्माल' या जुन्या कवितेच्या एकतिसाव्या कडव्यात एका मुळाखाली हेल राहते, दुसऱ्याखाली हिमराक्षस आणि तिसऱ्याखाली माणसे. स्नोरीकडे हिमराक्षस आहेत, निफ्लहाइम आहे, पण माणसे नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी देव येतात. एवढेच नव्हे, तर ते मूळ तो थेट स्वर्गात नेऊन ठेवतो. झाडाचे मूळ आकाशात! स्नोरीला ही कविता ठाऊक होती, तो तिची कडवी जागोजाग देतो. वर स्वर्ग, खाली नरक अशी मांडणी ज्याच्या शिक्षणात मुरली होती, त्या लेखकाने हा बदल केला असावा, असे मला वाटते.

दर्यावर्दी

आपण दोघेही झाडालाच धरून बसला आहात, म्हणून तिसरी बाजू मांडतो. कथा वाचताना जाणवते, की ही जगे मजल्यांसारखी एकावर एक नाहीत, ती प्रवासाच्या अंतरावर आहेत. हातोडाधारी देव 'थोर' राक्षसांना मारायला जातो तो पूर्वेकडे. त्याचा हातोडा चोरीला जातो तेव्हा लोकी फ्रेया देवीचा पिसांचा अंगरखा मागून घेतो आणि देवांच्या वस्तीबाहेर उडत राक्षसांच्या मुलखात जातो. मेलेल्या बाल्डर देवाला परत आणण्यासाठी हेर्मोद नऊ रात्री खोल, काळोख्या दऱ्यांतून घोडा दौडवतो, सोन्याने शाकारलेला पूल ओलांडतो, आणि तिथली पहारेकरीण त्याला सांगते की हेलची वाट खाली आणि उत्तरेला जाते. खाली *आणि उत्तरेला*, हे लक्षात घ्यावे. डोंगर, नद्या आणि लांबलचक काळोख्या हिवाळ्याच्या देशात राहणाऱ्यांनी परलोकही डोंगर-नद्यांच्या पलीकडेच ठेवला.

आणि लोकांनी दगडावर काय कोरले? स्वीडनमधील सोदरमानलांड प्रांतात स्कार्पोकर येथे अकराव्या शतकातील एक रूनशिळा (रून या जुन्या लिपीत कोरलेला दगड) सापडली आहे. गुनार नावाच्या बापाने आपल्या ल्यूदब्योर्न या मुलाच्या स्मरणार्थ ती उभी केली. त्याखाली एकच ओळ आहे: पृथ्वी दुभंगेल आणि वरचे आकाशही. मुलाच्या मृत्यूने ज्याचे जग कोसळले, त्याने विश्वासाठी दोनच शब्द वापरले. 'पृथ्वी आणि वरचे आकाश' ही जोडी 'वोलुस्पा'तही आहे आणि जर्मनीतील नवव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या वेसोब्रुन प्रार्थनेतही आहे.

पोथीनिष्ठ

शिळेचे उदाहरण सुंदर आहे, पण शोकशिळेवर कोणी भूगोल कोरत नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. आणि सगळे आडवेच असेल, तर राटाटोस्कचे काय करायचे? ही खार गरुडाचे शब्द वरून घेऊन खाली नीदहोग्ग सर्पाला सांगते, असे 'ग्रिम्निस्माल'च म्हणते, स्नोरी नव्हे. उभी रचना मूळ कवितेतच आहे.

शंकासूर

खारीपुढे मी शरण जातो. वृक्ष उभा आहे आणि त्याला वर-खाली आहे, हे स्नोरीच्या आधीचेच. दर्यावर्दींची आडवी वाट आणि ही उभी वाट एकाच कवीच्या मनात शेजारी शेजारी नांदत असतील, याचीही मला आता शक्यता वाटते. माझा आक्षेप तेवढा नऊ नावांच्या यादीपुरता उरतो. ती कोणाला एकाच जुन्या कवितेत सलग सापडली, तर कडव्याच्या क्रमांकासह इथे द्यावी. धाग्याचे शीर्षक मी त्याच दिवशी बदलेन.