मागच्या सस्पेन्शनला अ‍ॅडजस्टेबल ब्रॅकेट: कुठले घेऊ? (घाई आहे)

मिडलँड्सचा_मावळा
मंडळी, पाल्हाळ लावत नाही. मागच्या सस्पेन्शनला अ‍ॅडजस्टेबल ब्रॅकेट टाकायचेत. दोन-तीन तऱ्हेचे दिसतात. एकात बोल्टचं भोक लांबट आहे, एकाला आट्यांचा रॉड आणि टोकाला गोळीचा जॉइंट आहे. किमतीत दुपटीचा फरक. कोणी वापरलेत का? पुढच्या रविवारी गाडीने वेल्सला जायचंय, त्यामुळे आजच ऑर्डर द्यायला हवी. टायर आतून खाल्लेत. मागून बघितलं तर गाडी पाय फाकून बसलेल्या बेडकासारखी दिसते.

नट_ढिला
गाडी कुठली?

मिडलँड्सचा_मावळा
ट्रायम्फ. मागच्या धाग्यात फोटो टाकला होता की.

नट_ढिला
मागचा धागा कोण शोधणार? ट्रायम्फ म्हणजे कुठली? टीआर४ असेल तर मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतात, हे ब्रॅकेट तिला लागतच नाहीत.

मिडलँड्सचा_मावळा
टीआर६. १९७२. पेट्रोल इंजेक्शनवाली. इंग्लंडातलीच, उजव्या हाताची. आता सांगा कुठले घेऊ.

पॉली_पांडुरंग
ब्रॅकेटचा विचार सोडा, ट्रेलिंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बदला. पन्नास वर्षांचं रबर, काय राहिलं असेल त्याच्यात? पॉलीयुरेथेनचे टाका, गाडी अशी चिकटून चालेल की बस. मी माझ्या स्पिटफायरला टाकलेत, सात वर्षं झाली.

निवृत्त_टेल्को
पांडुरंगराव, स्पिटफायरच्या मागे आडवा पाटा असतो. टीआर६ ला कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅल्युमिनियमचे सेमी-ट्रेलिंग आर्म. दोन्हींचा संबंध एवढाच की बॅज एक आहे.

मावळे, ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी सांगा. १) आत्ता लावलेल्या ब्रॅकेटवर किती खाचा आहेत? २) खाचा वर आहेत की खाली? ३) दोन्ही बाजूंचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, किती अंश? ४) स्प्रिंग मूळची आहे की कोणी बदललीय?

मिडलँड्सचा_मावळा
खाचा?? काका, मी विकत कुठले घेऊ ते विचारतोय.

निवृत्त_टेल्को
तेच सांगतोय. कारखान्याने या गाडीला कॅम्बर बदलायची सोय दिलेली आहे. प्रत्येक आर्म चॅसिसच्या आडव्या तुळईला दोन ब्रॅकेटवर लटकतो, एक आतला, एक बाहेरचा. ब्रॅकेटच्या काठावर एक, दोन किंवा तीन खाचा पाडलेल्या असतात, कारण प्रत्येकात बुशच्या बोल्टचं भोक वेगळ्या उंचीवर आहे. तोच ब्रॅकेट उलटा लावला की भोकाची उंची पुन्हा बदलते. म्हणजे तीन ब्रॅकेटांत सहा उंच्या.

हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवा. उजवा पंजा म्हणजे उजवा आर्म, करंगळी म्हणजे बाहेरचा ब्रॅकेट. करंगळीची बाजू उचला. चाक वरून आत झुकलं, निगेटिव्ह वाढला. अंगठ्याची बाजू उचलली तर उलट. ब्रॅकेटचा खेळ एवढाच. टो, म्हणजे चाकाचं नाक आत की बाहेर, तो मात्र ब्रॅकेट आणि चॅसिसच्या मध्ये शिम (पातळ पत्र्या) घालून बसवतात.

लिव्हर_आर्म_हटाव
कोणी मूळ मुद्द्याला हातच घालत नाहीये. टीआर६ च्या मागचे लिव्हर आर्म डँपर (जुन्या तऱ्हेचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) म्हणजे तेल गळणारे तवे. टेलिस्कोपिक किट टाका, सगळं सरळ होईल.

निवृत्त_टेल्को
डँपर बदलून उभ्या गाडीचा कॅम्बर कसा बदलेल? गाडीचं वजन स्प्रिंगवर आहे, डँपरवर नाही.

लिव्हर_आर्म_हटाव
माझा बदलला होता.

नट_ढिला
जॅकवरून उतरवून लगेच मोजला असणार. चाक लटकलं की वरून बाहेर झुकतं आणि जमिनीवर टेकल्यावर टायर घसटून तसंच राहतं. गाडी आठ-दहा फूट पुढेमागे ढकलल्याशिवाय ती बसत नाही. मीही एकदा असाच दोन दिवस खुश होतो.

हेरल्ड_पुणे३०
विषयांतराबद्दल माफी. आमच्या वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला बनलेली. तिचे स्विंग अ‍ॅक्सल! खंबाटकीच्या वळणावर मागचं चाक आत दुमडतंय की काय असं वाटायचं. आई मागे बसली की वळणाआधी मोठ्याने रामरक्षा सुरू. पुढे स्टँडर्डने गेझेल काढली तिला सरळ अ‍ॅक्सल दिला, कारण इथल्या मेकॅनिकांना आणि गिऱ्हाइकांना ते प्रकरण नकोच होतं. हेरल्डचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि टीआर४ चंही त्याचंच. टीआर६ वेगळी वाटते कारण तिचा चेहरा आणि पार्श्वभाग जर्मनीच्या कारमन कंपनीने बदलला. फोटो टाका ना राव. रंग कुठला?

मिडलँड्सचा_मावळा
रंग पिवळा. कॅम्बर मोजला. रिमवर सरळ पट्टी उभी धरून फोनच्या अ‍ॅपने. आधी गॅरेजच्या फरशीचा उतार मोजून वजा केला, म्हणजे तोही आक्षेप नको. गाडी पुढेमागे ढकललीय. डावा उणे अडीच, उजवा उणे एक. स्प्रिंगचं माहीत नाही, गाडी घेतली तेव्हापासून आहे तशीच आहे. डावा टायर आतून २ मिलिमीटर, बाहेरून ६.

निवृत्त_टेल्को
आता कुठे दुखतंय ते कळलं. "टायर आतून खाल्लेत" म्हणालात तेव्हा दोन्ही बाजू सारख्या असतील असं मी धरलं. दोन्हीकडे स्प्रिंग दबून खाली बसली असती तर दोन्ही चाकं सारखी झुकली असती. सेमी-ट्रेलिंग आर्म दबला की निगेटिव्ह वाढतोच. इथे दीड अंशाचा फरक आहे. डाव्या-उजव्या मडगार्डची कमान चाकाच्या मध्यापासून किती उंच, ते टेपने मोजा.

मिडलँड्सचा_मावळा
डावीकडे ४ मिलिमीटर कमी. म्हणजे जवळपास सारखीच.

पॉली_पांडुरंग
मग बुशच. मी पहिल्यापासून सांगतोय.

निवृत्त_टेल्को
बुश पूर्ण संपला तर थोडा फरक पडेल, दीड अंश मला जास्त वाटतो. खाली झोपा आणि खाचा बघा. दोन्ही बाजूंच्या, चारही ब्रॅकेटच्या. आणि झोपलाच आहात तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ब्रॅकेटभोवतीचं चॅसिस ठोकून बघा. टणटण वाजलं पाहिजे. ठप्प वाजलं तर ब्रॅकेट, वेल्स सगळं विसरा. या गाडीचं चॅसिस तिथेच कुजतं. डिफरन्शिअल ज्या पिनांवर टांगलंय त्यांच्या मुळाशी चीर आहे का तेही बघा, ते या गाडीचं जुनं दुखणं आहे.

अ‍ॅडजस्टेबल_समर्थक
काका सगळं बरोबर सांगताहेत, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून देतो. माझ्या टीआर६ ला चार वर्षं अ‍ॅडजस्टेबल आहेत. खाचांवाल्यात एक पायरी बदलायची म्हणजे स्प्रिंग काढा, आर्म उतरवा, ब्रॅकेट बदला, पुन्हा चढवा, ढकला, मोजा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पायरीच्या मधलं माप मिळतच नाही. अ‍ॅडजस्टेबलमध्ये गाडी चाकांवर उभी ठेवून, पान्ह्याने, हवं तिथे थांबता येतं. गाडी खाली घेतली असेल, कडक स्प्रिंग असेल, तर घ्याच. रस्त्यावरच्या गाडीला गोळीचे जॉइंट मात्र नकोत. चिखलपाण्यात वर्षभरात खुळखुळतात, आणि तो आवाज थेट पाठीमागे येतो. बुश राखणारे घ्या. पहिल्या शंभर मैलांनंतर नट परत आवळा, माझा एक सैल झाला होता.

विमा_वहिनी
आणि विमा कंपनीला कळवा हं. क्लासिकच्या पॉलिसीत बदल सांगायचे असतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून एमओटी (इथली वार्षिक तपासणी) लागत नाही म्हणून लोक बिनधास्त होतात, पण गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच.

मिडलँड्सचा_मावळा
वहिनी, अजून ब्रॅकेटच घेतले नाहीत.

हेरल्ड_पुणे३०
पिवळी म्हणजे मिमोझा का? फोटो!

मिडलँड्सचा_मावळा
काल रात्री खाली झोपलो. चिखलाचा थर वायर ब्रशने काढला, नखाने चाचपून खाचा मोजल्या. आतले दोन्हीकडे सारखे. बाहेरचे दोन्ही दोन खाचांचे, पण उजवीकडे खाचा खाली, डावीकडे वर! आधीच्या मालकाने डावीकडचा आर्म कधीतरी काढलाय, कारण त्या बोल्टवर काळा रंग नाही. मी चार वर्षं टायरवाल्याला शिव्या घालतोय.

चॅसिस दोन्हीकडे टणटण वाजतंय. डिफरन्शिअलच्या पिना ठीक दिसतात.

निवृत्त_टेल्को
उलटा करून उजव्यासारखा लावा. बुशचा बोल्ट शेवटचा आवळा, गाडी चाकांवर आणि दोन माणसं आत बसलेली असताना. लटकलेल्या आर्मवर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं.

पॉली_पांडुरंग
पॉलीला ही भानगड नसते.

मिडलँड्सचा_मावळा
लावला. ढकलून मोजलं: डावा उणे सव्वा, उजवा उणे एक. खर्च शून्य. फक्त एक घोळ झाला. ब्रॅकेट सुटताना मागच्या शिम खाली सांडल्या. तीन होत्या. डाव्या बोल्टवर किती आणि उजव्यावर किती, ते बघितलं नाही.

नट_ढिला
काढायच्या आधी फोटो नाही काढला?

मिडलँड्सचा_मावळा
हात तेलाचे होते.

निवृत्त_टेल्को
आठवून लावू नका, टो मोजा. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक दोरा पुढून मागे ताणा, दोन्ही गाडीच्या मध्यरेषेला समांतर. मग मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. पुढचा काठ दोऱ्यापासून किंचित जास्त लांब हवा, म्हणजे चाकाचं नाक आत. उलट आलं तर ब्रेक मारताना मागची बाजू हलेल. या ब्रॅकेटमागे शिम घातली की चाकाचं नाक कुठे वळतं ते एक घालून, मोजून बघा. एका वेळी एकच.

मिडलँड्सचा_मावळा
दोरा कुठला? घरात लोकरीचाच आहे.

विमा_वहिनी
लोकर ताणली जाते. मासे पकडायची नायलॉनची घ्या.