काश्मीरमधून व्हॉट्सॲप कॉल लागंना
तासगावची वहिनी: आमचे हे द्राक्षाची गाडी घेऊन श्रीनगरला गेलेत. जम्मू-काश्मीरच्या हद्दीवरचं लखनपूर ओलांडलं अन् फोन बंद. लॉजच्या वायफायवरूनही कॉल लागंना. सरकारनं बंद केलंय का?

मोबाईलवाला, विटा: वहिनी, सिम प्रीपेड असणार. बाहेरचं प्रीपेड तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं. वायफायचं वेगळं, सुरक्षेसाठी नेट थांबवायची तरतूद २०२३च्या दूरसंचार कायद्यात आहेच.

निवृत्त हवालदार: ऑगस्ट २०१९ला मी तिथंच होतो. सगळंच ठप्प. जानेवारी २०२०ला टू-जी आलं, पण त्यावर लेकीचा चेहरा कुठला दिसतोय! फोर-जी फेब्रुवारी २०२१ला. अतिरेक्यांचं माहीत नाही, घरच्यांचे हाल झाले.

वहिनी: प्रीपेडच होतं. मगाशी दलालाच्या फोनवरून बोलले. दर पडलाय एवढंच सांगितलं, जेवलो का नाही ते नाही.