आफ्रिकेला विद्यापीठं परवडत नाहीत म्हणे!

खडूफळा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "आफ्रिकेने विद्यापीठातल्या विज्ञानावर पैसा उधळू नये, आधी पोरांना बाराखडी शिकवावी." १९८६ साली जागतिक बँक हेच सांगत होती. प्राथमिक शिक्षणाचा परतावा जास्त, वरच्या शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने सोसावा. कर्जबाजारी सरकारं नाही कशी म्हणणार? प्रयोगशाळा धूळ खात पडल्या. मग मार्च २०२० मध्ये आफ्रिकेतल्या कोरोना विषाणूचा पहिला जनुकक्रम कुठे लागला? नायजेरियात, एडे शहरातल्या रिडीमर्स विद्यापीठात. बाराखडीवर भागलं असतं का?

रोखठोक: मीच तो 'कुणीतरी'. रिडीमर्स खासगी आहे, चर्चचं. आणि हा जनुकक्रम लावणाऱ्या तिथल्या केंद्राला पैसा कुणाचा? तुमच्या त्याच जागतिक बँकेचा!

खडूफळा: म्हणजे बँकेलाच उपरती झाली. माझंच काम केलंत.

तासिकावाला: दोघेही जरा इथिओपियाला जाऊन या. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायचो. सरकारचं फर्मान होतं, ७० टक्के प्रवेश विज्ञान-तंत्रज्ञानाला. १९९० च्या सुमारास दोन विद्यापीठं होती, आता ४० च्या वर. इमारती झकास! प्रॅक्टिकलला ब्यूरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचनळीची, तोटी गळायची, तिला व्हॅसलीन चोपडून टायट्रेशन. वीज गेली की डिस्टिल्ड वॉटर बंद. मग फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग मी फळ्यावर गुलाबी खडूने दाखवायचो.

रोखठोक: बघा, घरचा आहेर!

तासिकावाला: तुम्ही नका खूश होऊ. पैसा भिंतींत गेला, काचसामानात नाही, एवढंच म्हणतोय. पोरं हुशार होती.

शंकेखोर: इथली पोरं वाऱ्यावर सोडून तिकडे कशाला गेलात पण?

तासिकावाला: प्राध्यापकीची नेट परीक्षा, पीएचडी करून इथे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर होतो. मानधन वर्ष उलटल्यावर, तेही कापून. तिकडे दर महिन्याला पगार.

शंकेखोर: डॉलरसाठी गेलो म्हणा ना सरळ.

तासिकावाला: हो, डॉलरसाठी! तुमच्याकडे वाणी तत्त्वांवर किराणा देतो का?

सेटग्रस्त: +१. आमच्या विभागात कायम माणूस एकच, तोही यंदा निवृत्त. भरतीचं नाव काढलं की...

खडूफळा: अहो, धागा आफ्रिकेचा आहे!

रोखठोक: असू द्या. नायजेरियात २०२२ साली सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा संप आठ महिने चालला, पगार आणि निधीवरूनच. म्हणजे यांचं रडगाणं विषयाला धरूनच आहे. मास्तरला वेळेवर पगार द्या, मग विज्ञान, इतपत मान्य. बाराखडी पहिली, हे सोडणार नाही.

तासिकावाला: आधी 'रडगाणं' मागे घ्या.