एच-१बी आणि ऑफिसातली धुसफूस: दोष व्हिसाचा की आपला?

रांगेतला (धागाकर्ता)
परवा टीममधला एक अमेरिकन सहकारी तोंडावर बोलला, "तुम्ही लोक मॅनेजरला कधी नाही म्हणतच नाही, आणि आम्ही आळशी ठरतो." निमित्त असं, की तीन आठवड्यांचं काम दोन आठवड्यांत होईल का, असं मॅनेजरने विचारलं. त्याने साफ नकार दिला. आमच्यातला एक म्हणाला, "करून टाकू." शनिवार-रविवार लॅपटॉपला चिकटून केलंही.

याला 'इंडियन कल्चर' म्हणून सगळे मोकळे होतात. मला पटत नाही. एच-१बी म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणारा अमेरिकेतला तात्पुरता कामाचा व्हिसा; त्यावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी किंवा दुसरा व्हिसा नाही जमला, तर मुलांच्या शाळेसकट गाशा गुंडाळा. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना) एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपली रांग हलता हलत नाही. डोक्यावर एवढं असताना नाही कोण म्हणेल?

ईडिसनकर
मग हिंजवडीत कोणता व्हिसा लागतो हो? तिथेही क्लायंटने रात्री साडेदहाला कॉल लावला तरी आपलं 'शुअर, शुअर' चालूच. ही सवय आपण लोणच्याच्या बरणीबरोबर बॅगेत भरून आणतो. लंचला पाचजण मराठी-हिंदीत खिदळतात आणि सहावा फोनमध्ये तोंड खुपसून बसतो. तेही इमिग्रेशनवाल्यांनी शिकवलं का?

आणि व्हिसा ट्रान्सफर होतो की! २००० च्या कायद्यापासून नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तिथे काम सुरू करता येतं. वेठबिगारीचं रडगाणं पुरे.

रांगेतला
ट्रान्सफर होतो, मान्य. पण नव्या कंपनीत पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाआधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी, पुन्हा पहिल्यापासून. जुनी प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) बहुतेकदा टिकते, पण पर्म आणि आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी करायचा अर्ज) नव्याने करावं लागतं. एच-१बीची सहा वर्षं संपत आलेल्या माणसाने ही जोखीम घ्यायची? तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणून सोपं वाटतं. लंचटेबलचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्याला काही सबब नाही.

बेएरिया_काकू
दोघेही त्या अमेरिकन माणसाला विसरलात. २०१५ मध्ये डिस्नेच्या ऑर्लँडोतल्या आयटीवाल्यांची बातमी आठवते? सुमारे अडीचशे जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यातल्या अनेकांना जाण्याआधी आउटसोर्सिंग कंपन्यांनी आणलेल्या व्हिसावाल्यांना काम शिकवावं लागलं. ज्याने हे ऐकलंय, त्याला तुमचं 'करून टाकू' कसं ऐकू येत असेल? राग तुमच्यावर निघतो, हिशेब मात्र वरच्यांनी केलेला असतो.

ईडिसनकर
काकू, म्हणूनच सप्टेंबर २०२५ मधली एच-१बी अर्जांवरची एक लाख डॉलरची फी मला योग्य वाटते. खरंच गरज असेल ती कंपनी भरेल.

बेएरिया_काकू
ती बाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर आहे. आत असलेल्याचं काय सुटलं? उलट एका माणसावर एवढा पैसा ओतल्यावर कंपनी त्याला रविवारी सुट्टी देईल असं वाटतं तुम्हाला? त्यापेक्षा ६० चे १८० दिवस करा. मग बघू, किती देसी मॅनेजरला 'दोन आठवड्यांत होणार नाही' म्हणतात.

ईडिसनकर
एकही नाही. लागली पैज?